पुढाऱ्याचं भाषण, पुढाऱ्याचा कर, पुढाऱ्याचं दान: पुणेकर मतदाराने पडताळणी कशी करावी

प्रभागातल्या बाकड्यावर नगरसेवकाचं नाव, रुग्णवाहिकेवर आमदाराचा फोटो, गणेशोत्सवाच्या कमानीवर खासदाराच्या शुभेच्छा. हीच मंडळी सभागृहात करांवर बोलतात, मिळकतकराच्या सवलतींवर हात वर करतात, 'समाजाने पुढे यायला हवं' असं व्यासपीठावरून सांगतात. त्यांनी स्वतः किती कर भरला आणि स्वतःचं किती दिलं, हे मात्र आपण क्वचितच विचारतो. विचारलंच तर उत्तर एखाद्या फॉरवर्ड झालेल्या मेसेजमधून येतं आणि तो मेसेज कुणाच्या बाजूने लिहिलाय हे पहिल्या ओळीतच कळतं.

हे काम कागदांवरून करता येतं. बरेचसे कागद खुले आहेत, काही दहा रुपयांच्या अर्जावर मिळतात आणि जे मिळत नाहीत ते का मिळत नाहीत हेही समजून घेण्यासारखं आहे. पक्ष कोणताही असो, सगळ्यांना एकच माप लावायची तयारी असेल तरच पुढे वाचा. प्रत्येक पायरीवर एक प्रश्न हाताशी ठेवा: हा पैसा नेमका कुणाच्या खिशातून गेला?

पायरी पहिली: विधान नेमकं पकडा

'ते नेहमी गरिबांच्या बाजूने बोलतात' याला विधान म्हणता येत नाही. तारीख, ठिकाण आणि शब्द हवेत. 'अमुक तारखेच्या सभेत म्हणाले की थकबाकीदारांना शास्तीमाफी (म्हणजे दंडमाफी) देणं म्हणजे प्रामाणिक करदात्यावर अन्याय आहे', इतकं नेमकं असेल तरच ते कशाशी तरी ताडता येईल. व्हिडिओ असेल तर पूर्ण बघा. मागचं-पुढचं वाक्य कापलेल्या क्लिपवर अख्खी पडताळणी उभी करू नका.

भाषणापेक्षा मतदान आणि ठराव जास्त वजनदार. लोकसभेतल्या चर्चेचे वृत्तांत संसदेच्या संकेतस्थळावर सापडतात, विधिमंडळाच्या कामकाजाचीही नोंद असते. महापालिकेच्या मुख्य सभेचे आणि स्थायी समितीचे ठराव नगरसचिव कार्यालयाकडे असतात. एक खबरदारी: मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ ची निवडणूक होईपर्यंत पुणे महापालिकेत प्रशासक होते. त्या काळातल्या करविषयक निर्णयाचं श्रेय किंवा खापर माजी नगरसेवकाच्या माथी मारता येणार नाही. सभागृहच नव्हतं, तर त्याने मत कुठे दिलं असणार?

आपला प्रतिनिधी कोण, हेही आधी तपासा. पुणे लोकसभा मतदारसंघात वडगाव शेरी, शिवाजीनगर, कोथरूड, पर्वती, पुणे कॅन्टोन्मेंट आणि कसबा पेठ हे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. हडपसरचा मतदार शिरूर लोकसभेत मोडतो, खडकवासल्याचा बारामतीत. धायरीत राहणारा माणूस पुण्याच्या खासदाराचं प्रतिज्ञापत्र उघडून बसला, तर त्याची मेहनत चुकीच्या दारात जाते.

पायरी दुसरी: प्रतिज्ञापत्र वाचा, सावकाश

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. उमेदवाराने मालमत्ता, देणी, शिक्षण आणि गुन्हे जाहीर केले पाहिजेत, हा हक्क आपल्याला सर्वोच्च न्यायालयाच्या २ मे २००२ आणि १३ मार्च २००३ च्या निकालांनी मिळाला. त्यातून उमेदवारी अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्राचा आजचा 'नमुना २६' घडला. फेब्रुवारी २०१९ पासून त्यात स्वतःचं, जोडीदाराचं, अवलंबितांचं आणि हिंदू अविभक्त कुटुंबाचं मागच्या पाच वर्षांचं विवरणपत्रातलं उत्पन्न द्यावं लागतं, परदेशातल्या मालमत्तेसह सगळी मालमत्ता दाखवावी लागते.

निवडणूक आयोगाच्या प्रतिज्ञापत्रांच्या पोर्टलवर मूळ कागदाची स्कॅन प्रत मिळते. 'असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स' या संस्थेच्या 'मायनेता' संकेतस्थळावर त्याचाच सारांश असतो. शोधायला तो सोयीचा आहे, पण आकडा वापरायचा तर मूळ पान उघडा. हाताने लिहिलेल्या प्रतींमध्ये शून्यं आणि स्वल्पविराम फसवे असतात. महापालिका निवडणुकीची प्रतिज्ञापत्रं राज्य निवडणूक आयोगाकडे असतात आणि त्यांचा नमुना वेगळा असतो. त्यामुळे नगरसेवकाच्या आणि आमदाराच्या प्रतिज्ञापत्रातले रकाने एकास एक जुळवत बसू नका.

आता रकाने घेऊ. उत्पन्नाच्या रकान्यात विवरणपत्रातलं 'एकूण उत्पन्न' असतं. आयकराच्या भाषेत एकूण उत्पन्न म्हणजे वजावटी गेल्यानंतर उरलेलं. म्हणजे एखाद्याने मोठी देणगी देऊन तिची वजावट घेतली असेल, तर त्याचा आकडा तेवढा लहान दिसणार. धंद्यातला तोटा वळता केला असेल तरीही लहान दिसणार. 'इतका मोठा माणूस आणि उत्पन्न एवढंच?' असं विचारण्याआधी हे डोक्यात असू द्या.

शेती हा पुणे जिल्ह्यातला सगळ्यात नाजूक विषय. शेतीचं उत्पन्न आयकरातून मुक्त आहे. बाकीच्या उत्पन्नावरचा दर ठरवताना फक्त ते जमेस धरतात. मुळशी, हवेली, मावळातला जमीनदार पुढारी 'व्यवसाय: शेती' लिहितो तेव्हा त्यात खोटं काही असेलच असं नाही. पण शहरात तीन इमारती आणि दोन कंपन्या असलेल्या माणसाचं बहुतेक उत्पन्न शेतीतलं दाखवलेलं असेल, तर जमीन किती, बागायत की जिरायत, पीक कोणतं, हे विचारणं रास्त आहे. गट क्रमांक प्रतिज्ञापत्रात असतो, त्यावरून सातबारा महाभूलेख या राज्य सरकारच्या जमीन नोंदींच्या संकेतस्थळावर बघता येतो आणि पीकपाहणीची नोंदही सातबाऱ्यावरच असते.

मालमत्तेच्या रकान्यात खरेदीची किंमत वेगळी असते आणि आजचा बाजारभाव वेगळा. बातम्यांमधली 'संपत्ती इतक्या पटींनी वाढली' ही वाक्यं बहुतेक वेळा बाजारभावाच्या आकड्यावर उभी असतात. एक काल्पनिक उदाहरण सोडवून बघू.

उमेदवार 'अ'ची मालमत्ता २०१९ मध्ये ३ कोटी १० लाख होती, २०२४ मध्ये ५ कोटी ४० लाख झाली. वाढ २ कोटी ३० लाखांची, म्हणजे सुमारे ७४ टक्के. मथळा तयार. आता आत शिरा. वडिलोपार्जित जमीन तीच आहे, फक्त तिचा बाजारभाव १ कोटी ५५ लाखांनी वाढवून लिहिलाय. नवीन आहे ती ७५ लाखांची एक सदनिका. देण्यांच्या रकान्यात ४५ लाखांचं गृहकर्ज नव्याने आलंय. म्हणजे खिशातून गेले ३० लाख. पाच वर्षांचं विवरणपत्रातलं उत्पन्न मिळून ५२ लाख. हा हिशेब जुळतो. याच उमेदवाराने कर्ज न घेता दोन कोटींची सदनिका घेतली असती, तर मात्र प्रश्न विचारायलाच हवा होता. मग वारसा, भेट, कुणाकडून घेतलेलं बिनव्याजी कर्ज असे सगळे रकाने उलटून पाहावे लागले असते.

सरकारी देण्यांचा रकाना लोक हमखास वगळतात. त्यात आयकराची, जीएसटीची आणि महापालिकेच्या मिळकतकराची थकबाकी स्वतंत्र लिहावी लागते. वादात असलेली रक्कमही सांगावी लागते, कोणत्या प्राधिकरणापुढे वाद चालू आहे त्यासह. कर या विषयावर प्रतिज्ञापत्रात जे थोडंफार थेट मिळतं, ते इथेच. रकाना कोरा असेल तर नोंद करा. माहिती जाणूनबुजून कोरी ठेवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केलं आहे. दुसऱ्या बाजूने, एप्रिल २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने असंही म्हटलं, की अंगावरच्या कपड्यांपासून घरातल्या प्रत्येक वस्तूपर्यंत सगळं जाहीर करण्याची सक्ती उमेदवारावर नाही. वस्तूची किंमत मोठी असेल किंवा तिच्यावरून राहणीमान ठरत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा एखादी दुचाकी राहून गेली म्हणून मोहीम काढू नका.

कंपन्यांचे समभाग दिसले, तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाका. संचालक कोण आणि कुठल्या बँकेचा बोजा आहे हे तिथे दिसतं, वार्षिक कागदपत्रं शंभर रुपये भरून बघता येतात.

पायरी तिसरी: भरलेला आयकर दिसत नाही, मग काय करायचं

प्रतिज्ञापत्रात उत्पन्न आहे, भरलेला कर नाही. माहिती अधिकारातही तो मिळणार नाही. ३ ऑक्टोबर २०१२ च्या गिरीश देशपांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आयकर विवरणपत्र ही वैयक्तिक माहिती ठरवली. मोठं सार्वजनिक हित दाखवलं तरच अपवाद. पुढे २०२३ च्या वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं तेच कलम आणखी आवळलं. माझ्या मते सामान्य नागरिकाचं विवरणपत्र झाकलेलंच राहावं. पण जो कायदे करतो, करांचे दर ठरवतो, त्याच्या बाबतीत किमान भरलेल्या कराचा आकडा उघड असायला हरकत नव्हती. नॉर्वेत प्रत्येक करदात्याचं उत्पन्न आणि कर सार्वजनिक नोंदीत असतो. अमेरिकेत कायदा नसतानाही १९७० च्या दशकापासून राष्ट्राध्यक्षांनी विवरणपत्रं जाहीर करण्याचा प्रघात पडला, तो रिचर्ड निक्सन यांच्या प्रकरणानंतर. जुनी कागदपत्रं राष्ट्रीय अभिलेखागाराला दान केल्याची मोठी वजावट घेऊन त्यांनी १९७० साली ७९२ डॉलर कर भरला होता. ती वजावट पुढे अमान्य झाली.

आपल्याकडे असा प्रघात नाही, म्हणून अंदाजाने कर काढायचा मोह होतो. तो आवरा. उत्पन्नाला ३० टक्क्यांनी गुणून 'एवढा कर भरायला हवा होता' असं लिहिणं चुकीचं आहे. भांडवली नफ्याचा दर वेगळा, जुनी आणि नवी करप्रणाली वेगळी, शेती मुक्त, सभागृहाचा दैनिक भत्ता जुन्या प्रणालीत मुक्त.

एक साधी चाचणी मात्र घेता येते. खासदाराचं वेतन करपात्र आहे. २०१८ पासून ते महिना १ लाख होतं, १ एप्रिल २०२३ पासून १ लाख २४ हजार, म्हणजे वर्षाला १४ लाख ८८ हजार. पाच वर्षांचे आकडे या रेषेच्या आसपास आहेत की बरेच खाली, ते बघा. खाली असतील तर तोटा किंवा वजावट असणार, आणि कोणती, हे विचारता येतं. २०२०-२१ मध्ये आकडा उतरलेला दिसला तर कारण उघड आहे: कोविडच्या वर्षात सगळ्याच खासदारांचं वेतन ३० टक्क्यांनी कापलं होतं.

बाकीचं थेट विचारा. प्रतिनिधीच्या संपर्क कार्यालयात लेखी पत्र द्या, पोच घ्या. पत्रात तीनच प्रश्न ठेवा: मागच्या तीन आर्थिक वर्षांत आपण प्रत्यक्ष किती आयकर भरला, स्वतःच्या खात्यातून नोंदणीकृत संस्थांना किती देणगी दिली, आणि मतदारांसाठी विवरणपत्राच्या पोचपावतीचं पान, खाजगी तपशील झाकून, जाहीर करायला तयार आहात का. भाषा आदराची ठेवा. उत्तर आलं नाही तर 'उत्तर दिलं नाही' एवढंच लिहा, त्यापुढे काही जोडू नका.

पायरी चौथी: मिळकतकर, हाताशी असलेला पुरावा

आयकर दिल्लीच्या कुलपात असला, तरी मिळकतकर शिवाजीनगरच्या महापालिका भवनात आहे. पुणेकराला पडताळणीसाठी यापेक्षा चांगली जागा नाही, कारण या करावर आपला नगरसेवक स्वतः मत देतो आणि तोच कर स्वतः भरतोही.

महापालिकेच्या मिळकतकराच्या संकेतस्थळावर सेक्शन आयडी, पेठ आयडी आणि खाते क्रमांक टाकला की बिल आणि थकबाकी दिसते. खाते क्रमांक प्रतिज्ञापत्रात नसतो, पण मिळकतीचं वर्णन असतं. त्यावरून कर आकारणी व कर संकलन विभागाकडे माहिती अधिकारात विचारता येतं. महाराष्ट्रात अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो. अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा, उत्तराची मुदत ३० दिवस. पुणे महापालिकेने २००९ मध्ये आणखी एक चांगली गोष्ट सुरू केली: दर सोमवारी दुपारी तीन ते पाच नागरिकांना फायली पाहता येतील अशी व्यवस्था. २०१८ मध्ये राज्य सरकारनेही जिल्हा आणि स्थानिक कार्यालयांसाठी तसं परिपत्रक काढलं. जाण्याआधी विभागात फोन करून ही व्यवस्था चालू आहे का ते विचारा आणि वेळ पक्की करा. पिंपरी-चिंचवडची मिळकत असेल तर कार्यालय वेगळं.

काय बघायचं? थकबाकी तर बघाच, पण पुण्यात त्याहून बोलकी एक गोष्ट आहे: ४० टक्क्यांची सवलत. मालक स्वतः राहत असेल तर मिळणारी ही सवलत पुण्यात १९७० पासूनची. मधल्या काळात ती बंद झाली, शहरात मोठा असंतोष झाला आणि २०२३ मध्ये राज्य सरकारने ती परत दिली. सवलतीसाठीचा पीटी-३ अर्ज भरायला तेव्हा क्षेत्रीय कार्यालयांत रांगा लागल्या होत्या. घर भाड्याने दिलं असेल तर ही सवलत लागू नाही. आता प्रतिज्ञापत्र पुन्हा उघडा. उत्पन्नाच्या साधनांत 'घरभाडे' लिहिलंय आणि त्याच सदनिकेच्या बिलावर स्ववापराची सवलत लागलीय, असं आढळलं तर ती ठोस विसंगती आहे. मात्र भाडं दुकानाचं आहे की त्या सदनिकेचं, हे पक्कं झाल्याशिवाय एक शब्दही लिहू नका.

थकबाकीवर महिन्याला दोन टक्के शास्ती चढते आणि मग अधूनमधून ती शास्ती माफ करणारी अभय योजना येते. सभागृहात अभय योजनेच्या बाजूने मत देणाऱ्याची स्वतःची किंवा कुटुंबाच्या कंपनीची मिळकत त्याच योजनेत शास्तीमाफी घेऊन गेली का, हा प्रश्न पूर्णपणे सार्वजनिक हिताचा आहे. इथे मी जरा कठोर आहे. नोकरदार माणूस मे महिन्यात पाच-दहा टक्क्यांच्या सवलतीसाठी धावतपळत बिल भरतो आणि ज्याने नियम करायचे तो पाच वर्षं थांबून माफी घेतो, हे मला पटत नाही. तरीही न्यायालयात वाद चालू असलेली रक्कम आणि सरळ बुडवलेली रक्कम यांत फरक करायलाच हवा. आकारणी चुकीची आहे म्हणून दाद मागणं हा पुढाऱ्याचाही हक्क आहे.

महापालिका कायद्यात नोटीस देऊनही तीन महिन्यांत थकबाकी न भरणारा अपात्र ठरतो, म्हणून निवडणुकीच्या तोंडावर उमेदवारांची थकबाकी नसल्याच्या दाखल्यासाठी धावाधाव होते. त्यामुळे अर्ज भरतानाची 'निरंक' थकबाकी फारसं काही सांगत नाही. पाच वर्षांत बिलं कोणत्या तारखांना भरली ते मागा.

पायरी पाचवी: दान, आणि खिसा कुणाचा

आता त्या बाकड्याकडे येऊ. 'संकल्पना' आणि 'सौजन्य' या दोन शब्दांखाली पुण्यात जे जे उभं राहिलंय, त्यातलं बरंचसं करदात्याच्या पैशांतलं आहे. खासदार निधी वर्षाला ५ कोटींचा; तो जिल्हा प्रशासनामार्फत खर्च होतो, खासदार फक्त काम सुचवतो. आमदारालाही स्थानिक विकास निधी असतो. नगरसेवकांची कामं महापालिकेच्या अंदाजपत्रकातल्या 'स' यादीत असतात. यातलं काहीही दान नाही. ओपन जिमच्या फलकावर कोणता निधी आणि कोणतं वर्ष लिहिलंय ते बघा. लिहिलेलं नसेल तर वॉर्ड ऑफिसात कामाचा आदेश मागा.

'कोविडमध्ये मी तीस टक्के पगार दिला' हे वाक्यही याच गटातलं. खासदारांची कपात कायद्याने झाली, राज्यात आमदारांचीही ३० टक्के कपात सरकारी निर्णयाने झाली. सगळ्यांचे कापले गेले, ते कुणा एकाचं औदार्य ठरत नाही. त्यावर कुणी स्वतःहून आणखी काही दिलं असेल तर ते वेगळं मोजा आणि आवर्जून लिहा.

कंपनीच्या सीएसआरचं, म्हणजे सामाजिक जबाबदारीपोटी केलेल्या खर्चाचंही तसंच. नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा नफा ५ कोटी यांपैकी एक मर्यादा ओलांडली, की कंपनीला सरासरी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणं बंधनकारक आहे. पुढाऱ्याच्या कुटुंबाची कंपनी शाळेला संगणक देते तेव्हा शाळेचं भलंच होतं. पण ते कंपनीच्या भागधारकांच्या पैशांतलं कायदेशीर कर्तव्य असतं.

खरा अभ्यास ट्रस्टचा आहे. पुढाऱ्याच्या नावाची, आईच्या स्मरणार्थ काढलेली, वडिलांच्या नावाने चालणारी प्रतिष्ठानं शहरात भरपूर आहेत. ती महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेली असतात. धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर नाव शोधून नोंदणी क्रमांक घ्या आणि पुण्याच्या सह धर्मादाय आयुक्त कार्यालयात अर्ज करून, फी भरून, नोंदवहीची (पब्लिक ट्रस्ट रजिस्टर, सगळे तिला पीटीआरच म्हणतात) आणि लेखापरीक्षित हिशेबांची नक्कल मागा.

हिशेबांत दोन कागद महत्त्वाचे: अनुसूची आठ म्हणजे ताळेबंद आणि अनुसूची नऊ म्हणजे उत्पन्न-खर्च पत्रक. अनुसूची नऊच्या खर्चाच्या बाजूला 'विश्वस्तांचे मानधन', 'आस्थापना खर्च' असे मथळे असतात आणि तळाशी 'न्यासाच्या उद्दिष्टांवरील खर्च', त्यात धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय मदत, गरिबांना साहाय्य अशी फोड. आस्थापना आणि उद्दिष्टं यांचं प्रमाण काढा. वर्षभर ट्रस्टने जे केलं त्यातलं बरंच तिथे दिसतं. मग ताळेबंदातली कर्जांची ओळ बघा. तिथे 'विश्वस्तांकडून' असा वेगळा रकाना आहे. व्यासपीठावरून 'मी संस्थेला पन्नास लाख दिले' असं सांगितलं जातं आणि ताळेबंदात तीच रक्कम विश्वस्ताकडून घेतलेलं कर्ज म्हणून उभी असते, असंही होऊ शकतं. कर्ज परत मिळतं. देणगी असेल तर ती उत्पन्नाच्या बाजूला किंवा मूळ निधीत दिसली पाहिजे. ट्रस्ट ज्या जागेत आहे ती जागा कुणाची आणि भाडं कुणाला जातं, हेही विचारा.

शिक्षणसंस्था आणि रुग्णालयं यांना सरसकट दानधर्म म्हणू नका, सरसकट धंदाही म्हणू नका. फी घेऊन चालणारं महाविद्यालय कागदावर धर्मादाय असतं. त्याने किती मुलांची फी माफ केली तो आकडा मागा. धर्मादाय रुग्णालयांसाठी तर नियम स्पष्ट आहे: १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत, १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत, आणि एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत. विश्वस्त मंडळावर लोकप्रतिनिधी असेल आणि तोच आरोग्यसेवेवर भाषणं देत असेल, तर या निधीत किती जमा झाले आणि किती वापरले हा पहिला प्रश्न.

दहीहंडीची बक्षिसं, गणपती मंडळांच्या वर्गण्या, दिवाळीचा फराळ, वह्यावाटप यांवर मी जास्त वेळ घालवत नाही. पैसा कुणी दिला याचा माग सहसा लागत नाही. मंडळ नोंदणीकृत असेल तर त्याच्या हिशेबांतून थोडंफार कळतं, इतकंच.

वैयक्तिक देणगीची करसवलत हा मुद्दा नीट समजून घ्या. वर्षानुवर्षं 'ऐंशी जी' म्हणून ओळखल्या गेलेल्या या सवलतीत संस्थेनुसार देणगीच्या ५० किंवा १०० टक्के वजावट मिळते, दोन हजारांवरची रोख देणगी मात्र चालत नाही. नव्या करप्रणालीत ही वजावटच नाही. म्हणून 'वजावट नाही म्हणजे दान नाही' हा निष्कर्ष चुकतो. शिवाय गुप्तदान करणारी माणसं आपल्याकडे आजही आहेत, राजकारणातही आहेत. कागद सापडला नाही तर 'नोंद सापडली नाही' असं लिहा.

पायरी सहावी: ताडून पाहताना

दोन बाजूंना दोन कागद ठेवले की लगेच 'दुटप्पी' म्हणायची घाई होते. मी तीन गोष्टी बघतो. वर्ष जुळतं का: २०१६ च्या भाषणाशी २०२३ चं विवरणपत्र ताडायचं तर मधे मत बदललं का ते तपासावं लागेल. विषय जुळतो का: शेतीवर कर नको म्हणणारा शेतीउत्पन्नावर कर भरत नसेल तर तो सुसंगतच आहे, त्याचं मत तुम्हाला पटो न पटो. आणि सगळ्यात महत्त्वाचं: इतरांनी जे करू नये असं तो म्हणतो, ते त्याने स्वतः केलं का? 'श्रीमंतांवर कर वाढवा' म्हणणाऱ्याने आजच्या कायद्यातली वजावट घेतली, तर ती विसंगती नाही. तो नियम बदलायला सांगतोय आणि तोवर सगळ्यांसारखाच नियम पाळतोय. 'ही सवलत घेणारे चोर आहेत' म्हणून त्याने तीच घेतली असेल, तर आहे.

अमेरिकेतले २०१२ चे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार मिट रॉम्नी यांचं उदाहरण इथे उपयोगी पडतं. २०११ सालच्या विवरणपत्रात त्यांनी सुमारे ४० लाख डॉलर दान केल्याचं दिसलं, पण वजावट घेतली फक्त २२ लाखांच्या आसपास. कारण 'मी दरवर्षी किमान १३ टक्के कर भरला आहे' असं त्यांनी आधी जाहीर सांगितलं होतं, आणि पूर्ण वजावट घेतली असती तर ते वाक्य खोटं पडलं असतं. एकाच कागदात दान मोठं, कर कमी आणि विधानाशी जुळवून घेतलेला आकडा. यातल्या एकाच ओळीवर मथळा दिला असता तर तिन्ही वेळा वाचकाची दिशाभूल झाली असती.

सरकारच पुढाऱ्याचा कर भरतं असंही घडलंय. उत्तर प्रदेशात १९८१ च्या कायद्याने मंत्र्यांचा आयकर सरकारी तिजोरीतून भरला जायचा. २०१९ मध्ये बातम्या आल्यावर ते थांबलं. अशा ठिकाणी 'कर भरला' हे वाक्य खरं असूनही खिसा दुसऱ्याचाच होता.

जुळणारी उदाहरणंही तितक्याच ठळकपणे लिहा. गोपाळ कृष्ण गोखले विधिमंडळात मिठावरच्या कराविरुद्ध बोलत होते, तेव्हा त्यांच्यामागे डेक्कन एज्युकेशन सोसायटीत महिना ७५ रुपयांवर घालवलेली वर्षं होती. आजच्या एखाद्या नगरसेविकेने स्वतःच्या मानधनातून प्रभागातल्या अभ्यासिकेला नियमित पैसे दिले असतील आणि पावत्या दाखवल्या असतील, तर तिचंही नाव यायला हवं. फक्त विसंगती शोधणाऱ्याला कुणी कागद दाखवत नाही.

पायरी सातवी: प्रसिद्ध करण्याआधी आणि तक्रार करताना

प्रतिज्ञापत्रात घराचा पत्ता आणि मुलांची नावं असतात. ती खुली असली तरी तुमच्या मजकुरात ती नकोत. करविषयक प्रश्नाला मुलीच्या नावाची गरज पडत नाही.

लिहिलेलं सगळं त्या व्यक्तीला आधी पाठवा, निदान आठवडाभर द्या आणि उत्तर जसंच्या तसं छापा. बदनामीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सत्य आणि सार्वजनिक हित हा त्यातला अपवाद आहे, पण सत्य सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. म्हणून 'कर चुकवला' असं लिहू नका. 'प्रतिज्ञापत्रात अमुक लिहिलं आहे, महापालिकेच्या नोंदीत अमुक आहे' असं लिहा आणि कागदाची तारीख द्या. आकडे एखाद्या सीएला दाखवून घेतले तर फार उत्तम. सोसायटीत कुणीतरी असतोच.

प्रतिज्ञापत्रात खोटी माहिती आहे असं वाटलं, तर लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२५अ लागू होतं: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. उमेदवार रिंगणात असताना विरोधी प्रतिज्ञापत्र निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे देता येतं आणि तेही आयोगाच्या पोर्टलवर लोकांना दिसतं. निकालानंतर आमदार-खासदाराच्या निवडीला आव्हान द्यायचं तर निवडणूक याचिका ४५ दिवसांत उच्च न्यायालयात जावी लागते. करचुकवेगिरीची ठोस माहिती असेल तर आयकर विभागाच्या ई-फायलिंग पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. मिळकतकराच्या सवलतीचा गैरवापर दिसला तर कर आकारणी विभागप्रमुखांना लेखी कळवा आणि पोच ठेवा. ट्रस्टच्या हिशेबांबद्दल तक्रार सह धर्मादाय आयुक्तांकडे करायची.

आणि सगळे कागद डाउनलोड करून, छापून, तारखेसह एका फायलीत लावा. पुढच्या निवडणुकीत तोच उमेदवार नवं प्रतिज्ञापत्र देईल, तेव्हा जुनं शेजारी ठेवून वाचता येईल.